टाकीवरचे नाव पाहून पिस्टन घेऊ नका

बुलेटच्या ३५० सीसी इंजिनाच्या तीन जुन्या पिढ्या रस्त्यावर सापडतात. ओतीव लोखंडी सिलिंडरचे जुने इंजिन, त्यानंतरचे एव्हीएलचे लीन बर्न इंजिन, आणि २००९ च्या सुमारास आलेले यूसीई, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आहेत. तिन्हींचा बोर ७० मिमी, तिन्हींचा स्ट्रोक ९० मिमी, तिन्हींचे घनफळ ३४६ सीसी. पण एका पिढीचा पिस्टन दुसऱ्या पिढीत घालायचा नसतो. जुन्या लोखंडी इंजिनाचे कॉम्प्रेशन सातच्या आसपास, यूसीईचे साडेआठ. पिस्टनच्या डोक्याचा आकार वेगळा, पिनची जागा वेगळी. दुकानदाराला तुम्ही ‘बुलेट साडेतीनशेचा पिस्टन द्या’ असे सांगितले, तर तो काही तरी देईल आणि ते ७० मिमीचे असेलही. ते तुमच्या इंजिनाचे असेलच असे मात्र नाही.

जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करताना पैसा आणि महिने वाया जातात ते मुख्यतः इथे. माणूस गाडीच्या नावाने भाग विकत घेतो. भाग घ्यायचे असतात ते समोर उघडून ठेवलेल्या त्या एका इंजिनाच्या मापाने. आधी उघडा, मग मोजा, मग लिहा आणि सगळ्यात शेवटी बाजारात जा, एवढाच क्रम या लेखात सांगायचा आहे. त्यातल्या प्रत्येक पायरीवर अडायला होते, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

मी हे कुंभकोणमातून लिहितो आहे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले हे गाव. तंजावरच्या भोसल्यांमुळे मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली इथेच जन्मले, आणि तंजावरी मराठी बोलणारी घरे आजही या भागात आहेत. अशाच एका घराच्या मागच्या पडवीत लोखंडी सिलिंडरची बुलेट कित्येक वर्षे उभी होती. ती पुन्हा चालती करायची ठरली, तेव्हा जे जे विचारावे लागले ते इथे उतरवले आहे. तुमची गाडी पुण्यात असो, बेळगावात असो की पणजीत, बाजारांची नावे बदलतील, क्रम बदलणार नाही.

बुलेट खरे तर या राज्यातलीच. एनफिल्ड इंडिया १९५५ साली मद्रासेत स्थापन झाली आणि १९५६ पासून तिरुवोट्रियूरच्या कारखान्यात गाडी बनू लागली. १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे गेली आणि नावात पुन्हा ‘रॉयल’ आले. या सगळ्या काळात गाडीचा बाहेरचा आकार इतका कमी बदलला की पन्नास वर्षांच्या अंतराच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी लांबून सारख्याच वाटाव्यात. आत मात्र बदल होत गेले. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची झाली, उजव्या पायाचा चार गिअरचा गिअरबॉक्स पुढे डाव्या पायाचा आणि पाच गिअरचा झाला, आटे बदलले, कार्ब्युरेटर बदलला. यात आधीच्या मालकांचे आणि मेकॅनिकांचे हात मिसळतात. कुणी एकदा बोर केलेला असतो, कुणी दुसऱ्या वर्षाच्या गाडीचे हेड चढवलेले असते. म्हणून आरसी बुकात लिहिलेले वर्ष ही फक्त सुरुवात समजा. त्या वर्षाच्या गाडीत जे असायला हवे तेच तुमच्या गाडीत असेल, असे धरून चालू नका.

पहिले काम इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर आरसीशी ताडून पाहण्याचे. ते जुळत नसतील तर पाना हातात घेण्याआधी आरटीओची वाट धरावी लागेल. त्याबद्दल पुढे बोलू. दुसरे काम त्या काळातला पार्ट्स कॅटलॉग मिळवण्याचे, ज्यात इंजिनाचे भाग सुटे-सुटे काढून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो. जुन्या डीलरकडे, जुन्या मेकॅनिककडे किंवा बुलेट क्लबमधल्या एखाद्याकडे तो सापडतो. भागाचा क्रमांक सांगितला की दुकानदाराशी बोलणे एका मिनिटात संपते. नुसते वर्णन करत राहिलात तर अर्धा तास जातो आणि चुकीचा भाग हातात पडतो.

इंजिन उघडताना प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि काढण्याआधी फोटो. टायमिंगच्या बाजूचे झाकण उघडल्यावर कॅमच्या गिअरवरच्या खुणांचा फोटो तर हमखास काढा. काहीही फेकू नका. फुटलेले पॅकिंगसुद्धा जपून ठेवा. त्याच्या भोकांच्या जागा आणि जाडी नवे पॅकिंग घेताना उपयोगी पडतात.

आता मोजमाप. बहुतेक घरांत व्हर्निअर असतो आणि माणूस त्यानेच सिलिंडरचे तोंड मोजतो. त्यावर विसंबून पिस्टन घेता येत नाही. सिलिंडर झिजतो तो तोंडाशी नाही, तर रिंग जिथवर वर येते त्याच्या किंचित खाली, आणि झिजतो तोही गोल नाही, लंबगोल. त्यासाठी बोर गेज आणि पन्नास ते पंचाहत्तर मिमीचा मायक्रोमीटर लागतो. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजायचा, प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा पिनच्या दिशेने आणि एकदा तिला काटकोनात. अशी सहा मापे वहीत मांडली की सिलिंडरची सगळी हकीकत समोर येते. पिस्टन मोजायचा तो पिनला काटकोनात, खालच्या घेराशी. डोक्यावर मोजलात तर तो नेहमीच लहान भरेल, कारण तो तसाच घडवलेला असतो. डोक्यावर ठोकलेला आकडाही पाहा. काही नसेल किंवा स्टँडर्ड लिहिले असेल तर ७० मिमी. जुन्या पिस्टनवर २०, ३० किंवा ४० असेल तर ते इंचाचे हजारावे भाग, म्हणजे २० म्हणजे जवळपास अर्धा मिमी मोठा. नव्यांवर ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे सरळ मिमीमध्ये असते.

ही साधने तुमच्याकडे नसतील, आणि बहुधा नसतीलच, तर बोअरिंगवाल्याकडे असतात. त्याला फक्त मोजायचे पैसे द्या आणि मापे कागदावर लिहून घ्या. ‘करून टाकतो साहेब, काळजी नको’ असे तो म्हणेल. तरीही कागद घ्याच. कुंभकोणम हे भाताच्या मुलखातले गाव आहे. शेतीची इंजिने आणि ट्रॅक्टर इथे भोवताली आहेत, शिवाय १९७२ साली सुरू झालेल्या चोळन परिवहन महामंडळाचे मुख्यालय इथलेच, जे आज राज्य परिवहनाचा कुंभकोणम विभाग आहे. अशा गावात इंजिन उघडून जोडणारे, लेथ चालवणारे, स्लीव घालणारे हात मिळणे अवघड नसते. फक्त पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात सूट किती ठेवायची याचा हिशेब शेतीच्या इंजिनात वेगळा आणि मोटारसायकलीत वेगळा, तो तुम्हाला माहीत हवा.

तो हिशेब पिस्टनच्या मापापासून सुरू होतो. समजा सर्वांत जास्त झिजलेल्या जागी माप ७०.१८ मिमी आले. वाटेल की ०.२५ ओव्हरसाइज घेतला की झाले. पण झीज एका बाजूला जास्त असते आणि बोअरिंगच्या यंत्राला मूळ मध्य धरून सगळी भिंत कापायची असते. एका बाजूला खड्डा खोल असेल तर ७०.२५ ला तो पुसला जाणार नाही आणि ०.५० वर जावे लागेल. हे पिस्टन विकत घेतल्यावर कळले तर पैसे गेले. म्हणून आधी बोअरिंगवाल्याकडून लिहून घ्यायचे की कुठल्या मापाला भिंत साफ होईल. मग त्या मापाचा पिस्टन रिंगांसह आणायचा. आणि मगच, तो पिस्टन त्याच्या हातात ठेवून, बोर करून घ्यायचा. आधी बोर करून ठेवायचा आणि मग त्याला पिस्टन शोधत फिरायचे, हे कधीही करू नका. दोन कंपन्यांचे ‘०.५० ओव्हरसाइज’ पिस्टन मायक्रोमीटरवर एकसारखे भरत नाहीत, आणि भिंत व पिस्टन यांच्यातली सूट ही पिस्टन बनवणाऱ्याने ठरवलेली असते. ती पेटीतल्या कागदावर असते. हवेने थंड होणारे इंजिन, लोखंडी सिलिंडर आणि त्यात गरम झाल्यावर लोखंडापेक्षा जास्त फुगणारा ॲल्युमिनियमचा पिस्टन असा हा मामला आहे. सूट कमी पडली तर मे महिन्यात तंजावरच्या रस्त्यावर इंजिन जाम होईल.

शेवटच्या ओव्हरसाइजच्याही पुढे सिलिंडर गेला असेल तर तो टाकून देऊ नका. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरमध्ये स्लीव घालून तो पुन्हा ७० मिमीवर आणता येतो. भंगारातून आणलेल्या दुसऱ्या सिलिंडरपेक्षा स्वतःच्या सिलिंडरची स्लीव मी केव्हाही पसंत करीन. निदान त्याचा पाया आणि स्टडची भोके आपल्या क्रँककेसला बसलेली असतात. बोर आणि होनिंग झाल्यावर सिलिंडर पेट्रोलने पुसून समाधान मानू नये. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन तो धुवा, पांढरे फडके फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात द्या. नदीकाठच्या या दमट हवेत उघडे लोखंड एका रात्रीत तांबूस होते. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने पाहा. ७० मिमीच्या बोरला ती ०.३० मिमीच्या आसपास असते, पण शेवटचा शब्द पिस्टनसोबतच्या कागदाचा.

पिस्टनबद्दल इतके आधी बोललो, कारण विचारले तेच जाते. खर्च करायचा क्रम मात्र उलटा आहे. पहिला प्रश्न क्रँकचा. क्रँक किंवा क्रँककेस हाताबाहेर गेली असेल तर नव्या पिस्टनला अर्थ राहत नाही. जुन्या लोखंडी बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला रोलर बेअरिंग नसून तरंगता बुश असतो. रॉड वर-खाली हलवून खडखड जाणवली तर बुश, क्रँकपिन आणि रॉड हा संच एकत्र घ्या, एकाच बनावटीचा. एकाची पिन आणि दुसऱ्याचा बुश असा मेळ घालू नका. रोलर बेअरिंगचे रूपांतर करणारे संचही मिळतात. ते वाईट नाहीत, पण तो पर्याय घ्यायचा तर पूर्ण संच घ्या आणि तो आधी बसवलेल्या माणसाकडूनच बसवून घ्या. फ्लायव्हील पुन्हा जोडल्यावर क्रँक दोन टोकांवर धरून डायल गेजखाली फिरवून सरळ करावा लागतो. हे काम प्रत्येक लेथवर होत नाही. गावात भरवशाचा माणूस नसेल तर त्रिची किंवा चेन्नईला पाठवा. पाठवताना लाकडी पेटीत, शाफ्टचे आटे कापडाने गुंडाळून, भुसा ठासून भरून. गोणपाटात बांधलेला क्रँक पार्सलच्या ट्रकमधून वाकडा होऊनच उतरतो असे समजा.

कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचा लहान बुश लेथवर करून घेता येतो, आणि इथे कुंभकोणमात एक मोह असतो. हे धातूच्या कारागिरीचे गाव आहे. पितळी भांडी इथली प्रसिद्ध, नाच्चियारकोविलचे समईसारखे कुत्तुविळक्कू जवळच घडतात, आणि स्वामीमलैच्या मूर्तिकारांची मेण वितळवून ओतकाम करण्याची परंपरा चोळांच्या काळाशी नाते सांगते. चांगला पिवळा धातू आणि तो कातणारा चांगला हात दोन्ही हाताशी असताना पितळेचा बुश करून घ्यावासा वाटतो. करू नका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. या जागी लागतो फॉस्फर ब्राँझ, म्हणजे तांबे, कथील आणि थोडा फॉस्फरस. पितळेचा बुश काही दिवस शांत चालतो, मग लवकर झिजतो आणि पिन ठोके द्यायला लागते. फॉस्फर ब्राँझची कांब धातूच्या दुकानात मागून घ्या, बिलावर तसे लिहून घ्या आणि ती टर्नरकडे घेऊन जा. बुश रॉडमध्ये दाबून बसवल्यावरच त्याचे तेलाचे भोक पाडायचे आणि पिनच्या मापाला रीमर मारायचा. बसवताना तो आवळला जातो, म्हणून आधी रीमर मारून भागत नाही.

हेडकडे आलात की व्हॉल्व्हच्या आधी गाईड पाहा. गाईड ढिले असेल तर नवा व्हॉल्व्ह घालून, लॅपिंग करून काही होत नाही. आधी गाईड बदला, मग सीट कापा, मग लॅपिंग.

तेलाचा मार्ग ही या इंजिनाची खरी नाडी आहे. टायमिंगच्या बाजूला दोन छोटे दट्ट्याचे पंप असतात, एक तेल पुढे ढकलणारा आणि एक परत आणणारा. त्यांच्या चकत्या सपाट बसल्या नाहीत तर नवा पंप घेण्याआधी काचेवर बारीक पेस्टने घासून पाहा. पुष्कळ वेळा तेवढ्याने काम होते. टायमिंगच्या झाकणातून क्रँकमध्ये तेल जाते त्या तोंडाशी एक लहानसा सील असतो, जुन्यांमध्ये बुचाच्या लाकडाचा, नव्यांमध्ये रबराचा. किंमत अगदी मामुली, पण तो फाटका किंवा गायब असेल तर खालच्या बुशाकडे तेल पोचत नाही आणि हजारो रुपयांचे काम पहिल्याच लांब फेरीत संपते. खरेदीच्या यादीत तो सगळ्यात वर लिहा.

बेअरिंगसाठी गाडीचे दुकान शोधायची गरजच नसते. बेअरिंगच्या कडेवर जो क्रमांक असतो तो जगभर एकच अर्थाचा आहे. ६२०४ म्हणजे आतले भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४. ६३०५ म्हणजे २५, ६२ आणि १७. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की शाफ्टचे माप मिळते. ०४ पासून पुढे हा नियम सरळ चालतो. क्रमांकानंतर सी३ असे असेल तर तेही मागा. त्याचा अर्थ आतली सूट नेहमीपेक्षा जास्त आहे, आणि तापणाऱ्या इंजिनात ती मुद्दाम दिलेली असते. एनजे किंवा एनयूने सुरू होणारे क्रमांक रोलर बेअरिंगचे. त्यांच्या जागी त्याच मापाचे साधे बॉल बेअरिंग बसते, पण बसवू नये. तेलाच्या सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी अशी तीन मापे छापलेली असतात. तेवढी लिहून नेली की कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सील मिळतो, आणि नामवंत कंपनीचा मिळतो. ‘बुलेटचा सील’ म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत जो विकला जातो त्यापेक्षा हा चांगला.

आट्यांबद्दल एक ताकीद. या गाडीचा नकाशा मूळचा इंग्लंडातला, त्यामुळे जुन्या बुलेटवर इंची आटे असतात, त्यात एका इंचात २६ आट्यांचे बारीक सायकल थ्रेडही येतात. पुढच्या काळातल्या गाड्यांत मेट्रिकही शिरले. मेट्रिक बोल्ट दोन आटे हाताने फिरला आणि पुढे पान्याने रेटावासा वाटला की थांबा. ॲल्युमिनियमच्या केसमधले आटे त्याच क्षणी गेले समजा. आटे मोजायचे गेज स्वस्त असते. ते घ्या, आणि जुना बोल्ट नमुना म्हणून खिशात ठेवूनच दुकानात जा.

आता बाजार. पहिली फेरी अधिकृत डीलरकडे, पार्ट क्रमांक घेऊन. जुन्या लोखंडी इंजिनाचे थोडेफार भाग तिथून मागवता येतात, आणि नाही म्हणाले तरी निदान पर्यायी क्रमांक कळतो. दुसरी फेरी तुमच्याच गावातल्या, जवळच्या तालुक्यातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांकडे. मोठ्या शहरातला जुना कंपनीचा माल केव्हाच वेचला गेला आहे. लहान गावातल्या दुकानात वरच्या फळीवर, धुळीने भरलेल्या पेटीत, तीस वर्षांपूर्वीचा न वापरलेला कॅम किंवा रॉकर अजून असू शकतो. पोलादी भाग असा मिळाला तर बिनधास्त घ्या. बेअरिंग असेल तर गंज पाहून घ्या. रबर आणि पॅकिंग मात्र कितीही ओरिजनल असले तरी घेऊ नका, वयाने ते मेलेले असते.

चेन्नईला जायचे तर इथून जवळपास तीनशे किलोमीटर. नव्या भागांसाठी जनरल पॅटर्स रोड, जुन्यांसाठी एग्मोरजवळचे पुदुपेट. पुदुपेटला गाड्यांचे इतके सांगाडे आणि इतके भाग आहेत की यादी नसलेला माणूस तिथे हरवतो. म्हणून मापांची वही, जुना नमुना आणि व्हर्निअर तिन्ही बरोबर हवे. वापरलेले कोणते भाग घ्यायचे हे घरीच ठरवून जा. झाकणे, गिअरबॉक्सचे कवच, कार्ब्युरेटरचे शरीर, रॉकर बॉक्स हे वापरलेले चालतात. पिस्टन, रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह, सील हे कितीही चमकत असले तरी वापरलेले घेऊ नयेत. गिअर घ्यायचा तर दात नखाने तपासा आणि त्याचा जोडीदार गिअरही त्याच खोक्यातून घ्या.

आणि नंबर असलेली क्रँककेस बिलाशिवाय आणि मूळ गाडीच्या कागदांशिवाय कधीही घेऊ नका. त्या नंबराची गाडी कुठे चोरीची नोंदलेली असेल तर ती केस तुमच्या दारात सापडणार आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओकडून त्याची नोंद हवी. कुंभकोणमची नोंदणी टीएन ६८ या क्रमांकाची. तुमच्या गाडीची नोंद जिथली असेल तिथल्या कार्यालयात आधी चौकशी करा. मूळ केसला चीर गेली असेल तर ती वेल्डिंग करून मशीनवर सरळ करून घेता येते का, हे आधी पाहा. बहुतेक वेळा येते, आणि नंबर तुमचाच राहतो.

नकली मालाची परीक्षा पेटीवर करू नका, पेटी छापणे सोपे असते. परीक्षा भागावर करा. पिस्टन-रिंगांत मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ पासूनची, गोएट्झे हेही जुने नाव. अशा बनावटीचा माल मिळाला तर मायक्रोमीटर लावून खात्री करणे सोपे जाते, कारण छापील माप आणि प्रत्यक्ष माप जुळते. नवा कॅम किंवा टॅपेट घेताना न दिसणाऱ्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच फिरवा. कानस घसरली तर वरचा थर कडक आहे, कानसेने धातू उचलला तर तो कॅम काही हजार किलोमीटरमध्ये झिजेल. दुकानदार ही चाचणी करू देत नसेल तर तिथे घेऊ नका. परदेशातून मागवायचेच झाले तर इंग्लंडमधले हिचकॉक्स हे दुकान एनफिल्डचे भाग विकते, भारतीय बुलेटचेही. मात्र टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, आणि इथे मिळत नाही अशाच गोष्टींसाठी तो मार्ग ठेवा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला पुण्याची नाना पेठ आहे, दुचाकीचा सुटा भाग तिथे नाही तर कुठे असे म्हणावे इतकी दुकाने. लेथ आणि ओतकामासाठी कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर. तिथला टर्नर माप सांगणाऱ्या माणसाचा मान ठेवतो.

बुलेट सोडून दुसरी गाडी असेल तरी नावाचा सापळा तोच. यामाहा आरएक्स १०० चा बोर ५० आणि स्ट्रोक ५० मिमी, ९८ सीसी. त्याच घराण्यातल्या १३५ चा बोर ५८, पण स्ट्रोक तोच ५०. स्ट्रोक सारखा म्हणून १०० वर १३५ चा सिलिंडर चढवायची हौस फार जणांना असते. कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट आणि पोर्टची वेळ यांचा मेळ बिघडतो, आरसीवरचे घनफळ खोटे ठरते, आणि गाडी ना धड ही राहते ना ती. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. २०१८ पासून जावा नावाने जी गाडी मिळते तिचे इंजिन पाण्याने थंड होणारे, चार स्ट्रोकचे, आणि जुन्या दोन स्ट्रोकच्या जावा-येझदीशी त्याचा एकही भाग जुळत नाही. येझदी असेल तर पहिली खरेदी क्रँकच्या सीलची. दोन स्ट्रोकच्या इंजिनात हे सील हवा ओढू लागले की मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जळतो, मग रिंग कितीही नव्या असोत.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला २०२१ पासून केंद्राच्या नियमांत व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. भाजी आणायला, नोकरीवर जायला गाडी हवी असेल तर पंधरा वर्षांनंतरचे साधे नूतनीकरण, दर पाच वर्षांनी, हाच मार्ग. कुठला मार्ग घ्यायचा हे भाग खरेदीच्या आधी ठरवा, कारण व्हिंटेजच्या वाटेने जायचे तर तिथे बदललेल्या भागांकडे डोळसपणे पाहिले जाते.

इंजिन जोडून सुरू झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी दौडवू नका, पहिले तेल लवकर काढा आणि पांढऱ्या कापडावर गाळून त्यात काय आले ते बघा. हजार किलोमीटर होईपर्यंत काढलेला एकही जुना भाग भंगारवाल्याला देऊ नका. नवा कॅम किंवा गिअर फसला तर तुमच्या इंजिनाचे खरे माप त्या जुन्या तुकड्यावरच आहे, आणि तो तुकडा नमुना म्हणून हातात असेल तर कुंभकोणमचा टर्नरसुद्धा तसाच दुसरा करून देऊ शकतो.